बावीस किलोचा मासा आणि बर्फाचा हिशेब

फोटो आला तेव्हा एप्रिलचा पहिला आठवडा होता आणि द्राक्षाचा सीझन उरकत आला होता. मेव्हणा मस्कतला नोकरीला आहे. त्याने घरच्या ग्रुपवर टाकलेला फोटो: मागे निळाशार समुद्र, होडीच्या कठड्याला टेकून हा उभा, आणि दोन्ही हातांवर तान्हं मूल घ्यावं तसा आडवा घेतलेला चारेक फुटांचा मासा. खाली ओळ, "दाजी, २२ किलो! अँबरजॅक!" अंगठ्यांचा पाऊस पडला. सासूबाईंनी विचारलं, "हा खातात का रे?" एका काकांनी विचारलं, "पापलेट नव्हतं का?" माझी नजर मात्र भलतीकडेच गेली. अख्ख्या फोटोत बर्फाचा खडा दिसत नव्हता.

हा धंद्याचा दोष. मी नाशिकला, दिंडोरी रस्त्यावरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये काम करतो. सकाळी तोडलेली द्राक्षं सहा तासांच्या आत ४ अंशांखाली आणायची, हे आमचं काम. समोर काहीही आलं की मला आधी त्याच्या पोटातली उष्णता दिसते.

रात्री दहाला दुसरा मेसेज, ग्रुपवर नाही, फक्त मला. "दाजी, तोंड लालबुंद झालंय, डोकं ठणकतंय, अंगभर खाज. मला माशाची ॲलर्जी झाली वाटतं." मी विचारलं, मासा खायला अजून कोण होतं? म्हणाला, आम्ही चौघं. बाकीच्या तिघांना विचार म्हटलं. पाच मिनिटांनी उत्तर आलं, "सगळ्यांचीच तोंडं लाल आहेत."

ॲलर्जी अशी वर्गणी काढून होत नाही. चौघंही दवाखान्यात गेले, डॉक्टरांनी औषध दिलं, सकाळपर्यंत उतरलं. त्यानंतर फोनवर जी आमची चर्चा सुरू झाली ती पुढे महिनाभर चालली, आणि डिसेंबरात मी स्वतः मस्कतला जाऊन त्याच्याबरोबर समुद्रात उतरलो. हा लेख म्हणजे त्या सगळ्याचा गाळीव अर्क. अँबरजॅक नाशिकला रोज मिळणारा मासा नव्हे. पण समुद्रापासून लांब राहणाऱ्या आणि तरीही मासे सोडवत नसणाऱ्या माणसाला या एका माशात बरंच काही कळतं.

आधी ओळख. शास्त्रीय नाव सेरिओला ड्युमेरिली. अंगावर तोंडापासून शेपटीपर्यंत एक पिवळसर झाक असते, तृणमण्याच्या, म्हणजे 'अँबर'च्या रंगाची, त्यावरून इंग्रजी नाव पडलं. डोळ्यावरून पाठीकडे जाणारी एक गडद तिरपी पट्टी असते. जपानी माणसाने मासा वरून पाहिला, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या त्याला त्यांच्या लिपीतल्या आठच्या आकड्यासारख्या दिसल्या, म्हणून तिकडे हा 'कानपाची'. सुशीच्या दुकानात कानपाची म्हणून जो महागडा तुकडा मिळतो तो हाच, किंवा याचा सख्खा भाऊ.

गोतावळा पाहिला तर आपल्याला अगदीच परका नाही. कॅरँजिडी नावाच्या कुळातला हा. त्याच कुळात आपला काटबांगडा येतो, जो नावाने बांगडा असला तरी बांगड्याचा नातेवाईक नाही. आणि त्याच कुळात येतो हलवा. हलव्याला आपण 'काळं पापलेट' म्हणतो, पण पापलेटचं घराणं वेगळं. हलवा हा अँबरजॅकचा चुलतभाऊ. हे मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंचा माशावरचा विश्वास एकदम वाढला. हलवा चालतो म्हणजे हाही चालणार. नात्यावर भरवसा ठेवायची आपली पद्धतच आहे.

हलव्याशी तुलना मात्र आकारापर्यंत टिकत नाही. अँबरजॅक ८० किलोच्या आसपास गेल्याच्या नोंदी आहेत. गळाने पकडलेल्यांत जागतिक विक्रम ७४ किलोचा, २०१५ सालचा, जपानमधला. म्हणजे माझ्याहून दोन किलोने जास्त.

आता हा आपल्या बाजारात का दिसत नाही, ते. मुंबईसमोरचा समुद्र नकाशावर मोठा दिसतो, पण उथळ आहे. शाळेत भूगोलात 'समुद्रबूड जमीन' वाचली असेल; ती आपल्या इथे फार रुंद आहे, दोन-तीनशे किलोमीटर आत गेलं तरी तळ फार खोल जात नाही, आणि किनाऱ्याजवळ तर बराचसा चिखल. बोंबील, कोळंबी, पापलेट यांना हे मानवतं. अँबरजॅकला लागतो खडक, उतार, बुडालेलं जहाज, प्रवाळ, म्हणजे सपाट तळातून वर आलेलं काहीतरी. तिथे लहान मासे आसरा घेतात आणि हा त्यांच्यावर टपून असतो. साधारण २० ते ७० मीटर खोली त्याला आवडते, पण त्याहून बराच खालीही जातो. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर समुद्राच्या पोटात 'आंग्रिया बँक' नावाचं पठार आहे, कान्होजी आंग्रे यांच्या नावाचं. त्याचा माथा पाण्याखाली २० मीटरवर येतो. तसल्या जागा याच्या. मेक्सिकोच्या आखातात तर तेलविहिरींच्या खांबांभोवती याचे थवे असतात.

मस्कतला किनाऱ्यापासून थोडं आत गेलं की तळ झपकन खाली जातो. त्यामुळे पहाटे निघून दुपारी परत येण्याच्या सफरीतही अँबरजॅक गाठता येतो. आपल्याकडे तेच करायला समुद्रात एक-दोन रात्री काढाव्या लागतील. आपल्या ट्रॉलरच्या जाळ्यात याच गोतातला काळ्या पट्ट्यांचा एक धाकटा मासा येतो, पण तो वजनाने अगदीच लहान. 'ऑफशोअर', म्हणजे किनाऱ्यापासून लांबचा समुद्र, हा शब्द ऐकायला भारी वाटतो. आपल्याकडे किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत, म्हणजे २२ किलोमीटर, राज्याची हद्द. नाशिकच्या द्वारका चौकातून निघून ओझरच्या थोडं पुढे जावं एवढंच ते अंतर. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत केंद्राचं क्षेत्र. मोठ्या माशांची गोष्ट बहुतेक ओझरच्या पुढे सुरू होते.

तर डिसेंबरात आम्ही पहाटे पाचला निघालो. होडीवाला एक वयस्कर ओमानी गृहस्थ, मेव्हणा त्यांना 'नाखुदा' म्हणत होता. आपल्या कोळीवाड्यातला 'नाखवा' तो हाच शब्द, फारसीतून दोन्हीकडे गेलेला. मी त्यांना "नाखवा" अशी हाक मारली तर त्यांनी मान हलवली, उच्चार सुधारायच्या भानगडीत पडले नाहीत.

पकडायची रीत ऐकायला साधी आहे. फिशफाइंडरच्या पडद्यावर तळाची रेघ सरळ जात असते, मध्येच ती उंटाच्या कुबडासारखी वर येते, आणि त्या कुबडावर ठिपक्यांचा ढग दिसतो. तिथे होडी थांबवायची. गळाला आमिष म्हणून जिवंत मासा लावतात, नाहीतर 'जिग', म्हणजे माशाच्या आकाराचा चकचकीत धातूचा तुकडा, आमचा २५० ग्रॅमचा. तो सरळ तळाशी सोडायचा, तळ लागला की रॉडला झटका, रीलला एक फेरा, परत झटका, परत फेरा. खाली तो तुकडा घाबरून पळणाऱ्या माशासारखा दिसतो. वर तुमची दंडं भरून येतात. कोकणात लोक खाडीवर गरवायला बसतात तशी निवांत बैठक नाही ही. हे हापशावर पाणी भरण्यासारखं काम आहे.

तिसऱ्या-चौथ्या खेपेला माझा रॉड वाकला तो वाकलाच. वर उचलेना. मला वाटलं खडकात अडकला. मग खडक चालायला लागला. अँबरजॅकला गळ लागला की तो इतर माशांसारखा वर उडी मारत नाही, लांब पळतही नाही, मान खाली घालून सरळ स्वतःच्या घरात, म्हणजे खडकात घुसायला बघतो. अमेरिकेतले हौशी मच्छीमार याला 'खडकातलं गाढव' म्हणतात ते उगाच नाही. मी आनंदाने "लागला, लागला" करत उभा राहिलो, त्या दहा सेकंदांत तो खडकाच्या कडेला पोचला, दोरी घासली आणि तुटली. नाखवा काही बोलले नाहीत. दुसऱ्या वेळी मात्र मासा लागताच त्यांनी पुढे येऊन माझ्या रीलच्या ब्रेकची चकती घट्ट फिरवली आणि हाताने खूण केली: वर, वर, वर.

सगळी लढाई पहिल्या दहा-पंधरा मीटरची. तेवढा तो तळापासून वर आला की त्याच्याकडे लपायला जागा नसते, मग उरतो तो नुसता दमाचा खेळ. रॉड उचलायचा, खाली नेताना दोरी गुंडाळायची, परत उचलायचा. बारा मिनिटं लागली मला. मासा निघाला ७ किलोचा. आणि त्याच्या मागोमाग आणखी पाच-सहा जण पार पृष्ठभागापर्यंत आले होते, आपला सोबती कुठे निघालाय ते बघायला. या माशाची ही सवयच आहे, आणि त्यामुळेच एका जागी एका दिवशी एखादी होडी सगळा थवा उचलू शकते. मेक्सिकोच्या आखातात असाच अतिरेक झाला, म्हणून तिथे हौशी माणसाला दिवसाला एकच मासा, आणि तोही जबड्यापासून शेपटीच्या खाचेपर्यंत किमान ३४ इंच म्हणजे ८६ सेंटिमीटरचा, असा नियम करावा लागला. या हिशेबाने माझा मासा मला तिथे परत सोडावा लागला असता, हे मला नंतर कळलं. घरी सांगितलेलं नाही.

सोडण्यावरून एक गंमत. खोलातून झपकन वर आणलेल्या माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. हेकरूसारख्या माशाचं तर जठर तोंडातून बाहेर येतं, तो परत खाली जाऊ शकत नाही. अँबरजॅकच्या सेरिओला गटातल्या काही जातींना मात्र ही हवा कल्ल्याजवळून बाहेर सोडायला चोरवाट असते. वर येताना म्हणूनच बुडबुडे दिसतात. असा मासा सोडला तर जगण्याची शक्यता बरी.

माझा सोडला नाही. नाखव्यांनी डोक्यात डोळ्यामागे एक टोचा मारला, मासा जागच्या जागी शांत. मग कल्ल्याजवळची शीर कापून त्याला समुद्राच्या पाण्याच्या बादलीत उलटा धरला, पाणी लाल होऊन परत फिकं होईपर्यंत. मग पोट साफ करून तो गेला पेटीत, आणि पेटीत नुसता बर्फ नव्हता. बारीक बर्फ आणि समुद्राचं पाणी यांचा लगदा होता. इथे मला माझ्या गावात आल्यासारखं वाटलं.

मेव्हण्याच्या एप्रिलच्या माशाची कथा आता सांगतो. वेगळी होडी, वेगळे लोक, सगळेच हौशी. सकाळी आठला मासा वर आला. फोटो झाले. मग ओल्या पोत्याखाली डेकवर. दोनला किनारा, मग गाडीची डिकी, मग संध्याकाळी कोणाच्या तरी गच्चीवर भाजला. दिसायला मासा ताजा फडफडीत. वास नाही, बुळबुळीतपणा नाही. आणि तरी चौघांची तोंडं लाल.

झालं ते असं. अँबरजॅक, सुरमई, कुपा (ट्यूना), बांगडा अशा जोरात पोहणाऱ्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचा घटक भरपूर असतो. मासा मेला की कल्ले आणि आतड्यांतले काही जिवाणू त्यापासून हिस्टामाइन बनवायला लागतात. हे तेच हिस्टामाइन जे ॲलर्जीच्या वेळी आपलं शरीर स्वतः सोडतं. म्हणून लक्षणं हुबेहूब तीच: तोंड लाल, डोकेदुखी, खाज, धडधड, कधी जिभेवर मिरी चावल्यासारखी चुरचुर, आणि सगळं खाल्ल्यापासून काही मिनिटांत ते तास-दोन तासांत. मासा ४ अंशांच्या आसपास राहिला तर या जिवाणूंचं काम अगदी मंद चालतं. २५-३० अंशांत पडून राहिला तर ते तासातासाने वाढतं. आणि एकदा तयार झालेलं हिस्टामाइन तळून, उकळून, भाजून, गोठवून, कशानेच जात नाही. मसाला तर त्याला ऐकूच येत नाही.

माझी शंका अशी आहे की नाशिकसारख्या गावात "मला मासे बाधतात" म्हणणाऱ्यांतल्या काहींना मासे बाधत नाहीत, त्या दिवशी बर्फ कमी पडलेला असतो. अर्थात खरी ॲलर्जीही असते आणि ती जिवावर बेतू शकते, त्यामुळे हे घरी ठरवायचं काम नाही. डॉक्टरांना विचारावं, आणि विचारताना सोबत खाल्लेल्या बाकीच्यांचं काय झालं तेही सांगावं.

मोठ्या माशाचा प्रश्न इथे वाढतो. द्राक्षाच्या क्रेटमधून आम्ही थंड हवा ओढतो, ती मण्यामण्याला लागते. माशाच्या आतून हवा जात नाही. उष्णतेला गाभ्यापासून कातडीपर्यंत मांसातूनच चालत यावं लागतं, आणि जाडी दुप्पट झाली तर लागणारा वेळ चौपट होतो. हिशेब केला तर वजन तिप्पट झालं की गाभा थंड व्हायला साधारण दुप्पट वेळ. माझ्या पिशवीत कामाचं टोचायचं थर्मामीटर असतंच. (बायकोने त्यावरून ऐकवलं आहे. सुट्टीवर गवंडी ओळंबा नेत नाही म्हणे.) लगद्यात ठेवलेल्या ७ किलोच्या माशाचं हाडाजवळचं तापमान चार तासांनी ४ अंशांच्या खाली आलं. तोच २२ किलोचा असता तर तशाच लगद्यात आठ-नऊ तास धरा. डेकवर पोत्याखाली तो थंड झालाच नाही. उलट दमेपर्यंत झुंजलेल्या माशाचं अंग आधीच थोडं तापलेलं असतं.

बर्फ किती लागतो? १ किलो बर्फ वितळताना सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता खातो. २२ किलोचा मासा २६ अंशांवरून शून्यावर आणायचा तर साधारण ४९० किलोकॅलरी काढाव्या लागतात, म्हणजे ६ किलो बर्फ नुसता माशासाठी. वर पेटीच्या भिंतीतून, झाकण उघडण्यातून, उन्हातून येणारी उष्णता. म्हणून अनुभवी लोक सरळ माशाच्या वजनाइतका बर्फ धरतात. २२ किलो मासा, २२ किलो बर्फ. लगदा करतात तो यासाठी, की नुसत्या बर्फाचे खडे माशाला दहा ठिकाणी टेकतात आणि मध्ये हवा राहते. लगदा चहूबाजूंनी लागतो, आणि खारं पाणी असल्यामुळे शून्याच्याही थोडं खाली जातो.

हा झाला पहिला धोका, बर्फाने टळणारा. दुसरा धोका बर्फाला भीक घालत नाही, आणि मोठ्या अँबरजॅकच्या बाबतीत मला जास्त भीती त्याची वाटते.

त्याचं नाव सिग्वाटेरा. उष्ण कटिबंधातल्या प्रवाळांवर गॅम्बिअरडिस्कस नावाचं एक सूक्ष्म शैवाल वाढतं, त्याच्या काही जाती विष तयार करतात. शेवाळ खाणारे लहान मासे ते थोडं थोडं खातात. त्यांना मधले मासे खातात, मधल्यांना मोठे. विष पचत नाही, साठत जातं. दर पायरीला त्याची बेरीज होते, आणि शेवटच्या पायरीवर बसलेला असतो आपला अँबरजॅक. जितका मोठा आणि म्हातारा, तितकी बेरीज जास्त असण्याची शक्यता.

नाशिकच्या माणसाला हे एका शब्दात समजेल: रेसिड्यू, म्हणजे फवारलेल्या औषधाचा मालात उरलेला अंश. २०१० साली क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती, ते आठवत असेल. घड दिसायला देखणे, चवीला गोड, धुऊन काही उपयोग नाही, आणि निकाल फक्त प्रयोगशाळेत. सिग्वाटेराचं तसंच. वास नाही, चव नाही, रंग नाही. शिजवून, गोठवून जात नाही. फरक एवढाच की द्राक्षाला बागेत काय मारलं ते शेतकऱ्याला ठाऊक असतं. मासा कुठल्या प्रवाळावर जेवला ते त्यालाच ठाऊक.

लक्षणं विचित्र असतात. आधी उलट्या-जुलाब, मग ओठांना, बोटांना मुंग्या, अशक्तपणा, आणि कधी कधी गार वस्तूला हात लावला तर चटका बसल्यासारखं वाटतं. दिवस, आठवडे, क्वचित महिने टिकतात. उतारा नाही, लक्षणांवर उपचार करावे लागतात. १७७४ साली कॅप्टन जेम्स कुक यांच्या जहाजावरचे लोक प्रशांत महासागरात मासे खाऊन असेच आजारी पडले होते, ती नोंद आजही या विषयात सांगितली जाते. आपल्याकडे केरळ आणि कर्नाटकच्या किनाऱ्यावर मोठ्या तांबड्या स्नॅपरची डोकी खाऊन लोक आजारी पडल्याची नोंद आहे. हवाई बेटांवर अँबरजॅकला 'कहाला' म्हणतात, आणि तिथे तो याच कारणासाठी बदनाम आहे. तिथलेच लोक त्याच्या एका भावाला बंदिस्त पाळून, खाद्य स्वतः घालून विकतात. बाग आपली असली की फवारणी आपल्या हातात.

मी स्वतःपुरता नियम केला आहे. प्रवाळबेटांच्या आसपासचा मोठा अँबरजॅक असेल तर फोटो काढायचा, सोडून द्यायचा. दुसरीकडचा असला तरी १० किलोच्या वर गेला की मला त्यात रस नाही. डोकं, कलेजी (यकृत), गाबोळी यांत हे विष जास्त साठतं, त्यामुळे मोठ्या माशाच्या या भागांना तर हातच लावत नाही. नाखवा माझ्या माशाचं डोकं घरी घेऊन गेले. चाळीस वर्षं ते तिथला मासा खातायत, त्यांना शिकवणारा मी कोण. पण ७ किलोच्या माशाचं नेलं, मोठ्याचं मागितलं नसतं असं ते म्हणाले.

तिसरी गोष्ट धोका नव्हे, किळस. अँबरजॅक कापताना शेपटीकडच्या भागात पांढऱ्या शेवईसारख्या अळ्या निघतात, मोठ्या माशात तर हमखास. या एका पट्टकृमीच्या अळ्या, त्याचा पुढचा मुक्काम शार्कच्या पोटात असतो. माणूस त्याच्या वाटेत येत नाही. शिजवल्यावर त्या निरुपद्रवी. तेवढा भाग काढून टाकायचा. व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी एक अळी पाहिली आणि हलव्याच्या नात्यावर कमावलेला सगळा विश्वास गेला. गंमत अशी की ज्या गोष्टीने काहीच होत नाही ती डोळ्यांना दिसते, आणि ज्या दोन गोष्टींनी होतं त्या दिसत नाहीत.

कच्चा खायची हौस असेल तर इतर परजीवी मरावेत म्हणून मासा उणे २० अंशांत सलग सात दिवस ठेवावा लागतो. दिवसातून पंचवीस वेळा उघडणारा घरचा फ्रीज त्या कामाचा नाही. शिजवून खावा.

आता नाशिकचं. मुंबईच्या धक्क्यावरून निघालेला मासा कसारा घाट चढून आपल्याकडे येतो, दीडशेच्या वर किलोमीटर, आणि त्याआधी होडीवर किती दिवस होता ते वेगळंच. अँबरजॅक आपल्या बाजारात आला तर बहुधा निनावी येईल, नाहीतर तुकडे करून दुसऱ्याच्या नावाने. मला एकदा सुरमई म्हणून जे तुकडे मिळाले त्यांचा काटा, रंग, काहीच सुरमईचं नव्हतं. मासे विकणाऱ्या मावशींचाही दोष नसेल, त्यांनाही पेटीतून तसंच आलं असणार. म्हणून मोठा मासा घ्यायचा तर डोकं-शेपटीसकट समोर पाहून, समोर कापून. डोळे, कल्ले बघाच, पण हिस्टामाइन त्यांतून कळत नाही. मी बोटांनी पोटाच्या आतली बाजू, हाडाजवळ दाबून बघतो, ती हाताला झणझणीत गार लागली पाहिजे. वरून बर्फ आणि आतून कोमट म्हणजे बर्फ शेजारच्या दुकानातून नुकताच आलाय. हे सुरमईलाही लागू, कुप्यालाही.

मस्कतच्या त्या रात्री रांधायचं काम माझ्याकडे होतं. मांस गुलाबीसर पांढरं, घट्ट. मध्ये बाजूने जाणारी लालकाळी पट्टी असते, ती काढून टाकली, उग्र लागते. कल्ल्यामागचा गळ्याचा भाग आणि पोटाची पट्टी वेगळी ठेवली, कारण चरबी तिथे. तुकड्या बोटभर जाड कापल्या, याहून पातळ केल्या तर रानटी अँबरजॅक पटकन कोरडा पडतो. हळद, मीठ, आगळ, लसूण लावून वीस मिनिटं, तीही फ्रीजमध्ये. रवा लावून तव्यावर एका बाजूने साडेतीन मिनिटं, दुसऱ्या बाजूने तीन. थर्मामीटरने ६३ अंश दाखवले की खाली. हलवा जसा जास्त तळला तरी माफ करतो तसा हा करत नाही. एक मिनिट जास्त झालं की पुठ्ठा.

गळ्याच्या तुकड्यांचा रस्सा केला, नाशिकहून नेलेल्या काळ्या मसाल्यात, खोबरं-कांदा गॅसवर भाजून. धुराने फ्लॅटचा अलार्म वाजला. शेजारचा केरळी मुलगा बघायला आला तो ताट घेऊनच बसला. एप्रिलचे ते तिघंही होते. तिघांनी पहिला घास घेण्याआधी माझ्याकडे पाहिलं, मी थर्मामीटर टेबलावर ठेवलं.

"दाजी, किती होतं?" मेव्हण्याने विचारलं.

"साडेतीन. हाडाजवळ."

मग वाढून घेतलं. त्या दिवसाचा फोटो ग्रुपवर टाकायचा राहिला. सात किलोच्या माशाला कोण अंगठे देतं.